चाळिशीची लाज, द्राक्षाच्या दोन ओळी

या पानावर एरवी आपण भुरी, डाऊनी, हुमणी, खताच्या मात्रा अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेताच्या बांधाबाहेरचा नाही. आज डोळ्यांविषयी लिहिणार आहे. मी डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेतलेली आणि तुमच्यासारख्यांच्या बांधावर फिरणारी खात्याची बाई. पण गेली चोवीस-पंचवीस वर्षे नाकावर चष्मा वागवते आहे, मध्यंतरी डोळ्यांत लेन्स घालून पाहिल्या, आणि नजर कमी झाल्याचं लपवलं की काय होतं ते आमच्या घरच्या बागेत पाहिलेलं आहे. तेव्हा अनुभवाचे चार शब्द लिहायला हरकत नसावी.

सुरुवातीलाच एक परीक्षा घ्या. फवारणीच्या औषधाची एखादी बाटली, झाकण घट्ट लावलेली, उजेडात धरा आणि कोपर दुमडून त्यावरची मात्रेची ओळ वाचा. वाचता आली तर उत्तम. पण बाटली नकळत लांब लांब जायला लागली, हात सरळ झाला, मान मागं गेली, डोळे बारीक झाले, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठीच आहे. हा मजकूरही कुणाकडून तरी वाचून घेत असाल तर मग बोलायलाच नको.

वर्गातला फळा

माझी गोष्ट सुरू होते २००१ साली, मी सातवीत असताना. फळ्यावरचा ३ मला ८ दिसायचा. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची आणि तिचं चुकलं की माझंही चुकायचं. गुरुजी म्हणायचे, पोरगी हुशार आहे पण लक्ष नाही. एक दिवस शाळेत डोळे तपासणारे आले. सहा मीटरवर तक्ता टांगला, एक डोळा झाकायला लावला. वरची दोन मोठी अक्षरं सोडली तर खाली मला नुसत्या मुंग्या दिसत होत्या. नंबर निघाला उणे दीड.

घरी आजीनं डोक्याला हात लावला. "पोरीच्या जातीला चष्मा? उद्या हिला करून कोण घेईल?" चष्मा आला, पण तो दप्तरात. वर्गात घालायचा आणि घंटा झाली की काढायचा. चष्मा घालून पहिल्यांदा शाळेबाहेर आले तो दिवस मात्र आठवतो. विजेच्या खांबांवरून तारा जातात हे ठाऊक होतं, त्या लांबून मोजता येतात हे त्या दिवशी कळलं.

पुढं नंबर वाढत उणे चारावर गेला. आजीचं म्हणणं, चष्म्यानंच वाढला, न लावता राहिली असती तर आपोआप गेला असता. आजही गावोगाव हेच ऐकते, म्हणून स्पष्ट लिहिते. चष्म्यानं नंबर वाढत नाही. लांबचं न दिसणाऱ्या मुलाचा डोळ्याचा गोळा थोडा लांबट असतो. मूल वाढतं तसा तोही वाढतो, म्हणून नंबर वाढतो. साधारण विशीच्या आसपास बहुतेकांचा नंबर स्थिरावतो. चष्मा न लावल्यानं मूल फक्त आंधळ्यासारखं वर्गात बसून राहतं. नंबराचा हिशेब सोपा आहे. उणे चार म्हणजे चष्म्याविना मला २५ सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, उणे दोनवाल्याला अर्ध्या मीटरपर्यंत. एक मीटरला नंबरानं भागा, उत्तर मिळतं. मुलं दिवसाचा काही वेळ घराबाहेर उजेडात खेळली तर हा दोष जडण्याचं प्रमाण कमी राहतं, असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. मोबाईल हातात देऊन पोराला गप्प बसवणाऱ्या आईबापांनी एवढं लक्षात ठेवावं.

लेन्स आणि पोह्यांचा कार्यक्रम

नोकरी लागल्यावर घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं. २०१४ साली एक चांगलं स्थळ येणार म्हणून मामी मला शहरात घेऊन गेल्या आणि लेन्स करून आणल्या. लेन्स म्हणजे पातळ मऊ चकती, बोटाच्या टोकावर घ्यायची आणि बुबुळावर ठेवायची. अश्रूंच्या थरावर ती तरंगत बसते. पहिल्या दिवशी एक चकती घालायला मला पाऊण तास लागला. डोळ्याजवळ बोट गेलं की पापणी मिटायचीच.

पाहुणे आले, पोहे दिले. पण डोळ्यांत इतकं टोचत होतं की सारखी उघडझाप आणि पाणी. मुलाची आई हळूच आमच्या आईला म्हणाली, "मुलीच्या मनात नाही वाटतं, रडतीय बिचारी." त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. पुढच्या स्थळाला मी चष्मा घालूनच पोहे दिले आणि त्याच घरात आज नांदते आहे. पण ते जाऊ द्या.

लेन्सची खरी गोष्ट पुढं आहे. पैसे घातलेत तर वापराव्यात, म्हणून मी त्या घालून शिवारात जायला लागले. चष्म्यावर घाम नाही, धुकं नाही, गाडीवर मान वळवली की सगळीकडे स्वच्छ दिसतं. वाटलं, किती सोय झाली. एके दिवशी एका बागेत भुरीसाठी गंधकाची भुकटी मारणं चाललं होतं. भुकटीचा लोट तोंडावर आला, डोळा चरचरला, चोळला आणि लेन्स बाहेर आली. मी काय करावं? ठिबकच्या नळीचं तोंड उघडलं, त्या पाण्यात लेन्स खळखळून धुतली आणि परत डोळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडाकडे बघवेना, डोळा लालभडक. डॉक्टरांनी बुबुळावर ओरखडा आणि जंतुसंसर्गाची सुरुवात सांगितली. औषधानं दोन आठवड्यांत बरं झालं, पण डॉक्टर जे बोलले ते अजून कानात आहे. "तुम्ही शेतकऱ्यांना शिकवता ना? मग विहिरीचं पाणी डोळ्यात सोडताना काही वाटलं नाही?"

विहीर असो, बोअर असो की नळ, साध्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यातला अमिबाच्या जातीचा एक जीव लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो आणि नजर जाऊ शकते. त्यामुळं लेन्स फक्त तिच्या द्रावणानंच धुवावी, हात साबणानं धुऊन कोरडे करूनच हाताळावी, ती घालून झोपू नये, पोहू नये. फवारणी, मळणी, भुकटी मारणं, गोठा झाडणं या कामांना तर लेन्स घालून जाऊच नये. लेन्स वाईट असं माझं म्हणणं नाही. दोन डोळ्यांच्या नंबरात फार तफावत असली किंवा बुबुळाला शंकूसारखा फुगवटा आला तर काहींना चष्म्यापेक्षा लेन्सच बरी पडते. पण आपल्या धुरळ्याच्या धंद्यात चष्मा जास्त इमानी. माझ्या लेन्स तेव्हापासून बंद आहेत. डबी अजून कपाटात आहे, मामींना वाईट वाटू नये म्हणून.

आण्णा पेपर वाचेनासे झाले

आता मुख्य गोष्ट. आमचा सांगली जिल्ह्याचा द्राक्षपट्टा तुम्हाला माहीत आहे. माहेरी आण्णांची एकरभर बाग. आण्णा म्हणजे माझे वडील. पाचर कलम करण्यात त्यांचा हात धरणारा आजूबाजूच्या दोन-तीन गावांत नव्हता. खुंटावर चीर द्यायची, काडी पाचरीसारखी तासायची, साल सालीला जुळवून पट्टी गुंडाळायची. पन्नाशीपर्यंत त्यांनी ते स्वतः केलं. मग एका वर्षी म्हणाले, कंबर धरते, आता कलमाला माणूस बोलवा. रोज सकाळी पेपर वाचणारा माणूस म्हणू लागला, पेपरात आता काही राम राहिला नाही. सोसायटीत कागदावर सही करायची तर सचिवाला म्हणायचे, तुम्हीच वाचून दाखवा, आमचा तुमच्यावर विश्वास आहे. आम्ही यातलं सगळं खरं मानलं. कंबर, पेपर आणि विश्वास यांचं मूळ एकच आहे, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. चष्मेवाल्या लेकीच्याही नाही.

२०१६ चा नोव्हेंबर. नोटाबंदीचे दिवस. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता, फुटी हातभर वाढल्या होत्या. सायंकाळी कडेच्या ओळींना सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी पाठीवरच्या पंपानं करायची होती. आमच्याकडं बारा वर्षं काम करणारा गडी होता, शाळेचं तोंड न पाहिलेला. आण्णांनी त्याला शेडमधल्या फळीवरून बाटली आणायला सांगितली. त्यानं आणली. आण्णांनी बाटली हातात घेतली, लांब धरली, ओठ हलवले आणि "हां, हीच" म्हणून मापानं बादलीत ओतली.

दोन ओळी झाल्या आणि गडी पंप उतरवून परत आला. "मालक, ह्येचा वास उसातल्या औषधागत येतोय." बाटली उसातल्या तणनाशकाची होती, टू-फोर-डी. उसात रुंद पानाचं तण मारायला आपण वापरतो ते. जाणत्या बागायतदाराला सांगायला नको, द्राक्ष या औषधाला इतकं नाजूक आहे की शेजारच्या उसात मारलेलं वाऱ्यानं उडून आलं तरी पानं वेडीवाकडी होतात. इथं तर वेलीवर सरळ फवारलं होतं.

आण्णा गड्यावर उखडले. "तू दुसरीच बाटली आणलीस." तो म्हणाला, "आणली मी, पर तुमी वाचून बगितली न्हवं?" त्यावर आण्णा जास्तच चिडले. त्याच आठवड्यात तो हिशेब घेऊन गेला. हिशेबाचे पैसेही त्याला तुकड्या-तुकड्यानं मिळाले, बँकेतून निघतील तसे.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले. पानं पंख्यासारखी अरुंद झालेली, शिरा एकमेकींजवळ ओढलेल्या, शेंडे पिळवटलेले. मी बघताक्षणी सांगितलं, हे टू-फोर-डी आहे. आण्णा म्हणाले, गड्यानं घोटाळा केला. मी मान हलवली आणि तणनाशक वेगळं का ठेवलं नाही यावर दहा मिनिटं भाषण दिलं. गड्याला एक शब्द विचारावा असं या शिकलेल्या लेकीच्या मनात आलं नाही. त्या दोन ओळींत त्या साली घड धरला नाही. वेली सावरायला पुढची दोन वर्षं गेली.

२०१८ च्या पावसाळ्यात आईला ताप आला. रात्री आण्णांचा मला फोन. "गोळ्यांच्या दोन पाकिटांतली तापाची कंची, ती वाचता येईना गं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या तोंडून आला, वाचता येईना. मी फोनवर पाकिटांचे रंग विचारून मार्ग काढला आणि दोन दिवसांनी त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी तपासलं. लांबचं ठीक, मोतीबिंदू नाही, जवळचा नंबर अधिक सव्वादोन. येताना चष्मा करायला टाकला.

चष्मा आला त्या संध्याकाळी मी तिथंच होते. आण्णांनी तो लावला, पंचांग उघडून दोन ओळी वाचल्या आणि काही न बोलता शेडकडे गेले. फळीवरच्या बाटल्या एकेक काढून उजेडाला धरून वाचू लागले. टू-फोर-डीची जुनी बाटली अजून तिथंच होती. ती शेवटपर्यंत वाचली. मग उंबऱ्यावर येऊन बसले आणि बऱ्याच वेळानं आईला म्हणाले, "त्यानं बाटली आणली हुती. वाचली मी हुती."

दुसऱ्या दिवशी ते गड्याच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चहा झाला, एवढं आईला कळलं. तो आमच्याकडं परत कामाला आला नाही, दुसऱ्याच्या बागेत त्याचं बस्तान बसलं होतं. छाटणीचे दोन दिवस मात्र येतो.

आण्णांना मी एकदा विचारलं, एवढं लपवलं कशासाठी? म्हणाले, "चाळिशी लावली की लोक म्हणत्यात, आता ह्यो थकला. जमिनीचं पोरास्नी बघू द्या म्हणत्यात." मला आजी आठवली आणि दप्तरातला चष्मा. बापलेक एकाच मातीचे.

चाळिशी हा रोग नव्हे

आपल्या भाषेनं या चष्म्याला नावच चाळिशी दिलं आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांना वय बरोबर ठाऊक होतं. डोळ्यात बाहुलीच्या मागं एक नैसर्गिक भिंग असतं. जवळचं बघताना ते फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. कोवळी काकडी वाकते, जून झाली की वाकत नाही, तसं चाळिशीनंतर हे भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. प्रत्येकालाच होतं, पाटलाला आणि पाटलाच्या गड्यालाही. सुरुवातीला अधिक एक, साठीपर्यंत अडीच-तीनापर्यंत नंबर जातो. सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा सुटतो, काटा काढता येत नाही, ही त्याची घरगुती लक्षणं. माझ्यासारख्या उणे नंबरवाल्यांना जवळचं वाचताना चष्मा काढला की दिसतं, म्हणून काही तलाठी भाऊसाहेब सातबारा बघताना चष्मा कपाळावर चढवतात, ते पाहिलं असेल.

बाजारात शे-दीडशे रुपयांत तयार चाळिशी मिळते. ती वाचण्यापुरती चालते, त्यानं डोळा बिघडत नाही. पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसला किंवा आडवा-उभा नंबर असला तर ती निकामी. शिवाय तपासणीत नुसता नंबर कळत नाही, डोळ्याच्या आतलंही कळतं. म्हणून एकदा तपासून घ्यावं आणि मग हवी तर बाजारातली घ्यावी.

चाळिशीनं कामात फरक पडतो का? २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आसामच्या चहाच्या मळ्यात चाळिशीच्या पुढच्या ७५१ मजुरांचे दोन गट केले. एका गटाला जवळचा चष्मा लगेच दिला, दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. चष्मेवाल्या गटाची चहापत्ती तोडण्याची वाढ दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. आता आपल्या बागेत थिनिंगला येणाऱ्या बायका आठवा. घडातले मणी कात्रीनं विरळ करायचे, बाजूच्या मण्याला टोच लागू द्यायची नाही. त्यांतल्या निम्म्याजणी चाळिशीच्या पुढच्या असतात आणि एकीच्याही डोळ्याला चष्मा नसतो. बागायतदार म्हणतो, ही जुनी बाई आता हळू झाली. टोळीतल्या एका मावशींना मी माझ्या पिशवीतली जादा चाळिशी लावायला दिली. त्यांनी घड हातात धरला, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ह्याला केसं हायती!" मण्याच्या देठाजवळ मिलीबगचा कापूस होता. इतके दिवस तो त्यांच्या हाताखालून तसाच जात होता.

नजर बदलते तेव्हा

काही बदल मात्र चाळिशीचे नसतात. एक गोष्ट वरचेवर ऐकते. साठीचे आजोबा सांगतात, देवाची कृपा, माझी चाळिशी सुटली, आता बिनचष्म्याचं वाचतो. आनंदाची गोष्ट वाटते, पण पुष्कळदा ही मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंग मधोमध घट्ट होऊन नंबर उणेकडे सरकतो, म्हणून जवळचं तात्पुरतं सुधारतं आणि लांबचं धूसर होतं. अशांनी तपासून घ्यावं. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायची गरज आता राहिलेली नाही, थंडीचीही वाट बघावी लागत नाही. उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो. आमच्या आजीच्या वेळी भिंग काढून टाकायचे आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. आता आतच कृत्रिम भिंग बसवतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

दुसरा प्रकार आमच्या तात्यांचा. वर्षात तीन चष्मे केले, एकही बसेना. दर वेळी चष्मेवाल्याशी भांडण. शेवटी रक्त तपासलं तर साखर बेसुमार. साखर खालीवर झाली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं-सोडतं आणि नंबर हलतो. तेव्हा साखर आटोक्यात येईपर्यंत चष्मा करू नये, आणि मधुमेह असेल त्यानं दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यावा. काचबिंदू तर दुखत-खुपत नाही, कडेची नजर आधी खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीनंतर दाब तपासून घ्यावा.

डोळ्याला उसाचं पान लागणं, मळणीत कूस उडणं हे आपल्याकडं रोजचं. अशा जखमेत बुरशी शिरते आणि बुबुळावर पांढरा ठिपका पडतो. मग मध, तूप, अंगावरचं दूध असले उपाय होतात. कृपा करून काहीही घालू नका. सर्वांत वाईट म्हणजे घरातली जुनी उरलेली थेंबांची बाटली. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली तात्पुरती जाते आणि बुरशी आतून फोफावते. औषध डोळ्यात उडालं तर मात्र वेळ न घालवता स्वच्छ पाण्याच्या धारेनं पंधरा मिनिटं धुवावं आणि बाटली, निदान तिचं लेबल, सोबत घेऊन दवाखाना गाठावा. आणि हो, साधा चष्मा म्हणजे फवारणीचा चष्मा नव्हे. त्याच्या कडा उघड्या असतात. त्यावरून बंद कडांचा गॉगल लावावा लागतो.

पंचायतीत, दुकानात

ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे सचिव हे पान वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून त्यांनाही एक सांगणं. पीक विम्याची नोटीस फळ्यावर इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या उंच लावलेली असते की वाचणारा पन्नाशीचा असेल तर त्याला शिडी आणि भिंग दोन्ही लागेल. ठळक छापा, डोळ्यासमोर येईल अशी लावा. सहीऐवजी अंगठा देणारी प्रत्येक म्हातारी निरक्षर असते असंही समजू नका. आमच्या भागात एका आजींनी मला हळूच सांगितलं, सही येते मला, पण रेघ कुठं आहे ती दिसत नाही. शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, ती गावापर्यंत आणणं तुमच्या हातात आहे.

औषधाचं म्हणाल तर बाटलीवरचा चौकोन बघायची सवय लावा. त्यातल्या त्रिकोणाचा रंग विषाची पातळी सांगतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण रंगावरून मात्रा कळत नाही आणि तण मारायचं की कीड, तेही कळत नाही. तेवढं वाचावंच लागतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. त्याची कारणं अनेक होती, सगळी नजरेची नव्हती. पण लेबल वाचता न येणारा माणूस स्वतःला आणि गड्याला दोघांनाही धोक्यात घालतो. दुकानदाराकडून पंपाला किती ते मार्करनं मोठ्या आकड्यात बाटलीवरच लिहून घ्या. तणनाशक वेगळ्या फळीवर, त्याचा पंपही वेगळा. आण्णांच्या शेडमध्ये आता तणनाशकाच्या फळीला लाल रंग दिलेला आहे.

माझ्या सज्जातल्या एका गावी कृषी सेवा केंद्राच्या मालकानं गेल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून काउंटरला दोन चाळिशा दोरीनं बांधल्या, एक दीड नंबरची आणि एक अडीचची. पोस्टात पेन बांधतात तशा. पहिले आठ दिवस कुणी हात लावला नाही. मग लोक इकडं तिकडं बघून लावायला लागले. गेल्या महिन्यात अडीचवाली कुणीतरी दोरी कापून नेली. दुकानदार माझ्याकडं तक्रार घेऊन आला. मी त्याला दुसरी आणून दिली आणि म्हटलं, बांधा परत. नेली त्याला लागत असेल.